बेबी ऑस्टिनचे केबल ब्रेक : शेडमधल्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

गाडी मामांची. १९३३ ची ऑस्टिन सेव्हन, चौकोनी सलून (म्हणजे बंद टपाची), आपल्याकडे जिला सगळे बेबी ऑस्टिन म्हणतात ती. मामांना जानेवारीत बाहेर काढायचीय, त्यामुळे रंग, सीट, हॉर्न, सगळं नंतर, आधी ब्रेक. तक्रारी तीन : पेडल जवळजवळ फळीला टेकतं, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, आणि हातब्रेकवर चढाला उभी राहत नाही, मागे कुणीतरी वीट घेऊन पळावं लागतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यात ऑइल, सिलिंडर, पाइप काही नाही. पेडल दाबलं की गाडीखालचा आडवा शाफ्ट फिरतो, तो केबल ओढतो, केबल चाकामागच्या प्लेटवरचा लिव्हर ओढते, लिव्हर आतला कॅम फिरवतो आणि कॅम दोन शूज (कमानीसारखे ब्रेकचे तुकडे) फाकवून ड्रमवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याच्या आतल्या बाजूवर, दाबतो. ड्रम ७ इंची, म्हणजे ताटलीएवढासुद्धा नाही. १९३० पर्यंतच्या गाड्यांत तर पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना आणि हातब्रेक फक्त पुढच्यांना अशी वाटणी होती, नंतर दोन्ही एकत्र जोडले. ही नंतरची, म्हणजे नशीबवान.

काही उघडायच्या आधी आकडा हवा म्हणून सोसायटीमागच्या रिकाम्या रस्त्यावर ३० च्या स्पीडला (मोबाइलच्या जीपीएसवर, गाडीचा काटा स्वतःच्याच तंद्रीत असतो) खडूच्या रेघेवर ब्रेक मारला. १४ मीटर. हिशोब केला तर जेमतेम पाव जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ओढ). सायकलवाला बरा थांबतो.

मामांचं मत आलंच, "अरे केबल ताण, बसेल." प्रॉब्लेम हा आहे की ती आधीच ताणलेली आहे. अ‍ॅडजस्टरचा आटा संपलाय, नट शेवटच्या टोकाला. आधी कधीतरी कुठल्यातरी गॅरेजात दर सर्व्हिसिंगला अर्धा फेरा, अर्धा फेरा असं करत कुणीतरी तो तिथवर नेलाय.

१० नोव्हेंबर, रविवार

गाडी घोड्यांवर (उचललेली गाडी धरून ठेवणारे स्टँड) घेतली, चारही चाकं, ड्रम काढले. जुन्या लायनरची (शूवरचं, ड्रमला घासणारं अस्तर) पावडर कंप्रेसरने उडवायची नाही, त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असायचं. मास्क, ओलं फडकं, आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. गॅरेजात पोरं फुंकर मारून साफ करतात ते बघून अंगावर काटा येतो.

मागच्या डाव्या चाकात तेल. शू अगदी काळा तुकतुकीत. या गाडीचा हा जुनाच आजार आहे, मागच्या अ‍ॅक्सलमधलं ऑइल हबपर्यंत झिरपतं आणि ड्रममध्ये उतरतं. त्यात कुणीतरी डिफरन्शिअलमध्ये ऑइल लेव्हलच्या वर भरून ठेवलंय, लेव्हल प्लग उघडल्या उघडल्या धार लागली. सील नवीन टाकणार. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, गॅसवर भाजून वापरणारे लोक मी बघितलेत, तो गरम झाला की आतलं तेल परत वर येतंच. फेकायचा.

मग पुतण्याची कंपासपेटी मागवली. कोनमापक लावून चारही लिव्हर बघितले आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच दिसलं. केबल आणि लिव्हर यांच्यात काटकोन असतो तेव्हा केबलचा सगळा जोर कॅम फिरवण्यात जातो, काटकोनाच्या पुढे ३० अंश गेलात की ८७ टक्के उरतो, ४५ अंश गेलात की ७१. बाकीचा जोर नुसता स्पिंडलला (कॅमच्या दांड्याला) ओढत बसतो. म्हणून ब्रेक धरायच्या क्षणी लिव्हर काटकोनाच्या किंचित अलीकडे हवा, म्हणजे जोर लावता लावता तो काटकोनात येतो. आमच्याकडे पुढचे दोन्ही लिव्हर ब्रेक धरायच्या आधीच काटकोन ओलांडून गेलेले. लायनर झिजले, केबल ताणली, अजून झिजले, अजून ताणली, आणि प्रत्येक वेळी लिव्हर थोडा पुढे सरकला. पेडल वर आल्यासारखं वाटतं, ब्रेक मात्र कमी होत जातो. आणि याच्या पुढची पायरी म्हणजे कॅम उभा राहून पलीकडेच पडतो, मग ब्रेक सुटतच नाही.

तर ठरलं : केबलला सगळ्यात शेवटी हात लावायचा. चाकाकडून सुरुवात, पेडलकडे शेवट.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसला जाताना पुण्यातला जुना बाजार. पाने हवे होते. ब्रिटिश गाडी, बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आट्याचे नट, त्यांना मिलिमीटरचा पाना बसत नाही आणि अमेरिकन इंची पण नाही. जिथे १/४ व्हिटवर्थचा (जुनं ब्रिटिश माप) पाना लागतो तिथे १३ चा आत जात नाही आणि १४ चा घसरून नटाचे कान खातो. आमच्या गाडीचे अर्धे नट असेच खाल्लेले. अजून एक गंमत, या पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो, त्यामुळे १/४ लिहिलेला पाना अर्ध्या इंचापेक्षा मोठा निघतो आणि नवखा माणूस गोंधळतो.

चादरीवर मांडलेल्या ढिगात चार डबल-एंड पाने मिळाले, गंजलेले पण तोंड शाबूत. विकणाऱ्याने "शेफिल्डचा माल आहे दादा" म्हणून भाव वाढवला. खरंच शेफिल्डचे होते, छाप होता, मग काय बोलणार.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज फक्त ढिलेपणा शोधला. केबल सोडवून आडवा शाफ्ट हाताने हलवला तर तो फिरायच्या आधी वरखाली नाचतो. दोन्ही टोकांचे बुश गेलेत. प्रत्येक फोर्कची (केबल आणि लिव्हर जोडणारा दुहाती सांधा) पिन मधोमध घासून बारीक झालेली, फोर्कची भोकं लांबट. एकेक बघितलं तर अर्धा मिलिमीटर, कुणी म्हणेल त्यात काय. पण पेडल आणि लिव्हर यांचा रेशो मध्ये आहे ना. पाचास एकचा धरला तर केबलकडचा १ मिलिमीटर ढिलेपणा पेडलला ५ मिलिमीटर होऊन दिसतो, आणि असे सांधे पेडलपासून चाकापर्यंत रांगेने आहेत. पेडलचा निम्मा प्रवास नुसता हा ढिलेपणा गोळा करण्यात जातो. केबल ब्रेकला लोक शिव्या देतात त्यातल्या निम्म्या शिव्या खरं तर पिनांना द्यायला पाहिजेत.

धायरीला लेथवाल्या काकांकडे सगळं घेऊन गेलो. त्यांनी फोर्क उजेडात धरून बघितला, "हे भोक राहिलंय कुठे, अंडं झालंय याचं." ठरलं असं : भोकं रीमरने गोल करायची, पिना थोड्या ओव्हरसाइज, ईएन-८ पोलादाच्या. शाफ्टला गनमेटलचे (एक प्रकारचं कांसं) बुश. ड्रम लेथवर लावून फक्त गोलाई येईपर्यंत कातायचे, एक पापुद्रा जास्त नको, कारण आधीच पातळ आहेत आणि पातळ ड्रम जोर पडला की फाकतो. काका म्हणाले पुढच्या शनिवारी या. म्हणजे त्याच्या पुढच्या, असं मी मनात धरलं, पण त्यांनी खरंच वेळेत दिलं हे इथे लिहून ठेवतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मतदान, मग शेड. नाना पेठेत लायनर बसवणारे बंद, त्यामुळे कॅमच्या स्पिंडलवर बसलो.

डावीकडे का ओढते ते सापडलं. पुढच्या उजव्या चाकाचा स्पिंडल त्याच्या बुशमध्ये जवळजवळ जाम. जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालेलं, वर गंज. लिव्हर हाताने ओढला तर हळूहळू जातो आणि सोडला तर स्प्रिंग असूनही परत येत नाही. म्हणजे डावा ब्रेक नीट धरतोय, उजवा अर्धवट, गाडी डावीकडे जाणारच. हे कुणी केबल ताणून सोडवायला गेला असता तर उजवा ब्रेक कायमचा घासत राहिला असता. डिझेलमध्ये भिजवून, बारीक पॉलिश पेपर मारून, बुश साफ करून परत बसवला, आता बोटाने टिचकी मारली की झटकन मागे येतो. ग्रीस अगदी कमी, बोटाच्या टोकावर येईल एवढंच, जास्त लावलं तर गरम होऊन लायनरवर जाणार. मतदानाची शाई आणि ग्रीस एकाच बोटावर, हात धुताना कुठलं काय ते कळेना.

संध्याकाळी मामा आले ते त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपचा सल्ला घेऊन : "हायड्रॉलिक करून टाका, किट मिळतं." म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारे ब्रेक. मी नाही म्हटलं. हायड्रॉलिक वाईट असं नाही, ड्यूझेनबर्गने १९२१ मध्ये, क्रायस्लरने १९२४ मध्ये चारही चाकांना दिलेच होते. पण फोर्डसारखी कंपनी १९३८ पर्यंत मेकॅनिकलवरच होती, "पेडलपासून चाकापर्यंत पोलाद" अशी जाहिरात करायची, आणि १९३९ ला गुपचूप हायड्रॉलिकवर आली. म्हणजे त्या जाहिरातीचं पण सगळं खरं मानायचं नाही. माझा मुद्दा एवढाच की ही गाडी ७४७ सीसीची आहे, ५० च्या वर ती आपण नेणार नाही, आणि जो ब्रेक कधी नीट लावूनच बघितला नाही तो वाईट आहे हे ठरवणार कसं? मामा म्हणाले, "बघ बाबा, भाची बसणार आहे मागे." हे मात्र डोक्यात राहिलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

शूज लायनर लावून आले. विणलेला लायनर घेतला, हल्लीचा कडक मोल्डेड नाही. केबल ब्रेकमध्ये शूवर दाब कमीच असतो, कडक लायनर त्या दाबाला नुसता गुळगुळीत होऊन घसरतो. रिव्हेट मधून सुरू करून टोकांकडे मारलेत, डोकी लायनरच्या पृष्ठभागाच्या चांगली खाली. लायनरची पुढची कड कानसीने उतरती केली, नाहीतर ब्रेक अचानक पकडतो आणि किंचाळतो.

मग खडू. ड्रमच्या आतून पांढरा खडू फासायचा, ड्रम चढवायचा, ब्रेक हलका दाबून चाक फिरवायचं, उतरवून बघायचं. पहिल्यांदा खडू फक्त शूच्या मधल्या दोन बोटांवर लागला होता. तेवढाच भाग काम करणार, बाकी शोभेचा. उंच भाग पॉलिश पेपरने घासायचा, परत खडू. हे कंटाळवाणं काम आहे, पण या सगळ्या प्रकल्पात एका जागी बसून सगळ्यात जास्त ब्रेक मिळतो तो इथे. साधारण पाऊण लायनरवर पांढरं उमटेपर्यंत चारही चाकांना केलं. पुतण्या शेवटी खडू फासण्यात एवढा रमला की ड्रमच्या बाहेरून पण फासला.

ड्रम आता ७ इंचापेक्षा जरा मोठे झालेत, त्यामुळे नवीन लायनर असूनही कॅमला जास्त फिरावं लागत होतं. शूजवळ फिरवायला वेगळा अ‍ॅडजस्टर नाही या मॉडेलला. म्हणून शूच्या कॅमकडच्या टोकावर कडक पोलादाची पातळ पट्टी पॅकिंग म्हणून बसवली. आता ब्रेक सोडलेला असताना कॅम आडवा पडतो आणि शू ड्रमपासून एका पोस्टकार्डाएवढा लांब राहतो. कोनमापक लावला, ब्रेक धरताना चारही लिव्हर काटकोनाच्या अलीकडे. केबल अजून जोडलेलीच नाही आणि अर्धं काम झालंय.

३० नोव्हेंबर, शनिवार

केबल. जुन्यांचे दोन-चार तार निप्पलजवळ (केबलच्या टोकाची गाठ) तुटलेले होते, हात फिरवला की टोचतात. स्कूटरची ब्रेक केबल लावून चालवणारे आहेत, ती जाडी बघून मला झोप येणार नाही. भोसरीत वायर रोपचं काम करणाऱ्याकडून बारीक तारांचा लवचीक रोप घेऊन टोकं हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतली, लांबी जुन्या केबलवरून नाही, जुनी ताणून वाढलेली असते, लिव्हर योग्य कोनात धरून दोरीने मोजलेली.

नवीन रोप सुरुवातीला थोडा वाढतोच, तारा एकमेकींत बसतात. तो प्रकार गाडीवर व्हायला नको म्हणून शेडच्या अँगलला टांगून खाली सिमेंटची गोणी लटकवली रात्रभर. सकाळी जमिनीवरच्या खुणेपासून गोणी चांगली दिसेल एवढी खाली आली होती. ती वाढ आता पेडलला येणार नाही.

१ डिसेंबर, रविवार

सगळं जोडून अ‍ॅडजस्टमेंट. पहिली गोष्ट, घोड्या चासीखालून काढून अ‍ॅक्सलखाली लावल्या. हे फार लोक करत नाहीत. चासीवर उचललं की अ‍ॅक्सल खाली लोंबतात आणि केबलचं अंतर बदलतं, तिथे एकदम परफेक्ट लावलेला ब्रेक गाडी जमिनीवर आली की एकतर ढिला नाहीतर घासतोय. मागचे स्प्रिंग पाव-एलिप्टिक (एकच टोक चासीला घट्ट धरलेले पट्ट्यांचे), अ‍ॅक्सल वरखाली होताना सरळ न जाता कमानीत जातो, त्यामुळे इथे हा फरक हाताला जाणवतो.

केबलमध्ये फक्त झोळ जाईल एवढाच ताण. लिव्हर जागचा हलला की थांबायचं. मग पेडल आणि सीट यांच्यामध्ये फळीचा तुकडा अडकवून पेडल एका जागी दाबून ठेवलं, गिअर न्यूट्रल, आणि कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून मागून आणलेला ताणकाटा. टायरला दोरी गुंडाळायची, काटा अडकवायचा, हळू ओढत जायचं, चाक सरकलं त्या क्षणी किती किलो ते वाचायचं. पुढे १४ आणि साडेतेरा. मागे डावीकडे ९, उजवीकडे १२. पायाने पेडल दाबून "सारखंच वाटतंय" म्हणणं आणि हे आकडे, यात फार फरक आहे. मागचा डावा थोडा घेतला, उजवा थोडा सोडला, दोन्ही ११ वर आणले. पुढचे १४-१४.

मागचे मुद्दाम कमी ठेवलेत. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, ती आधी लॉक झाली तर एवढ्या आखूड गाडीची शेपटी बाजूला यायला वेळ लागत नाही. पुढची लॉक झाली तर स्टीअरिंग जातं, तेही वाईट, पण गाडी निदान सरळ तरी जाते.

स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुढची चाकं हाताने फिरवली, कुठे घासत नाहीत. सगळ्या पिनांना नवीन स्प्लिट पिन, सगळे लॉक नट. रद्दीवाल्याने काटा परत घेताना विचारलं, "किती किलो निघाली रद्दी?"

७ डिसेंबर, शनिवार

पहाटे रस्त्यावर. आधी लायनर बसवायचे, म्हणजे ४० पर्यंत जायचं, हलक्या पायाने १० पर्यंत आणायचं, मग थोडं चालवून ड्रम गार होऊ द्यायचे, परत. सलग मारत सुटलं तर नवीन लायनर वरून चकाकतो आणि सगळी मेहनत पाण्यात. प्रत्येक खेपेनंतर ड्रमवर हात ठेवून बघितला, चारही साधारण सारखे कोमट. एक जास्त गरम असता तर तो घासतोय, एक गार असता तर तो कामच करत नाही. थर्मामीटरची गरज नाही, फक्त उन्हाळ्यात सांभाळून.

मग तीच खडूची रेघ, ३० चा स्पीड. ९ मीटर. शून्य पॉइंट चार जीच्या आसपास. आजच्या मारुतीसमोर हे काहीच नाही, सिग्नलला पुढच्या गाडीपासून अंतर ठेवूनच चालवावं लागणार, आणि पुण्यात अंतर ठेवलं की त्यात दोन स्कूटर येतात तो वेगळा विषय. पण गाडी सरळ थांबली. स्टीअरिंगवरून हात हलके सोडले होते तरी.

हातब्रेकसाठी सहकारनगरमधून तळजाईच्या चढावर. उभी केली, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, पाय वर. हलली नाही. मामा सवयीने वीट घेऊन मागे उभे होते.

१५ डिसेंबर, रविवार

एकच गोष्ट राहिली होती, मागे माणसं बसल्यावर काय होतं. गाडीत मामा, मामी, भाची, सगळे कोंबले. मागचे स्प्रिंग दबले आणि उजवं मागचं चाक किंचित घासायला लागलं, ढकलून बघितलं की कळत होतं. मामी म्हणाल्या, "माझ्यामुळे होतंय का?" काय उत्तर देणार. मागच्या दोन्ही केबलना अर्धा-अर्धा फेरा ढील दिली, गाडी भरलेली असतानाच परत तपासलं, आता मोकळं. रिकाम्या गाडीत पेडल त्यामुळे जेमतेम बोटभर खाली गेलंय, चालेल. रद्दीवाल्याचा काटा परत आणून आकडे घेतले, मागे साडेदहा-साडेदहा, पुढे बदल नाही.

मागच्या डाव्या ड्रमखाली रात्रभर पुठ्ठा ठेवला होता, कोरडा. सील धरतंय. अजून दोनेकशे किलोमीटर झाले की पिना आणि लिव्हरचे कोन परत बघायचे, नवीन लायनर तेवढ्यात बसलेले असतील. मामांना सांगून ठेवलंय की मधल्या काळात पेडल खाली गेल्यासारखं वाटलं तर फोन करा, पाना घेऊन खाली वाकू नका. ते हो म्हणाले, पण शेफिल्डचे पाने मी माझ्याकडेच ठेवलेत.